सहाशे अकरावी ओळ

कात्रीमास्तरांच्या हातून कुणाचंच वाक्य जिवंत सुटलं नाही, असं छापखान्यातली माणसं शपथेवर सांगत. एका पुढाऱ्याचं अडीच तासांचं भाषण त्यांनी सहा शब्दांत बसवलं होतं, आणि त्यातलेही दोन जास्तीचे होते असं त्यांचं स्वतःचं मत होतं. स्वतःच्या लग्नाची पत्रिका तपासायला आली, ओळ मापात बसेना, तेव्हा त्यांनी सासरकडचे तीन मामा उडवले. तिन्ही मामा लग्नाला आले नाहीत. त्या मामांचा विषय घरात पुढे एकेचाळीस वर्षं, बायको जाईपर्यंत, दर आठवड्याला निघत राहिला.

छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, तेव्हा हे नाव चिकटलं. त्याआधीचं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. कापण्याइतकीच त्यांची आणखी एक सवय पक्की होती. चूक सापडली तरी ती नाहीशी करायची नाही. ती आहे तशी दिसू द्यायची आणि शेजारी समासात बरोबर काय ते लिहायचं. वाचणाऱ्याला आधी चूक दिसली पाहिजे, मग दुरुस्ती. नवीन आलेला कुणी चूक गिरवून काळी करू लागला की मास्तर त्याच्या हातातलं पेन काढून घेत.

एवढ्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतः केलेली एक चूक मात्र दोन वर्षं कुणाला दाखवली नव्हती.

बायको एकोणीस दिवस आजारी होती आणि विसाव्या दिवशी गेली. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिला फोन गेला तो विसाव्या दिवशी. ती पोहोचली तेव्हा घरात फक्त आवराआवर उरली होती. दारातच तिने विचारलं, मला आधी का नाही कळवलं? मास्तरांनी खाली बघत सांगितलं की आईनेच नको म्हटलं होतं, पोरीची नवी नोकरी आहे, उगाच धावपळ नको म्हणाली. मुलीने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आईच्या दोन साड्या आणि चष्मा घेऊन ती परत गेली, आणि दीड वर्ष तिचा फोन आला नाही.

आईने नको म्हटलं होतं, हे खोटं होतं.

दीड वर्षाने मेल आला. मुलगी ज्या कंपनीत होती ती एका शहराच्या पाणीखात्यासाठी अ‍ॅप करत होती. शहर मास्तरांचंच. इंग्रजी मजकूर आपल्या भाषेत आणायचा होता आणि तपासायला डोळस माणूस हवा होता. ‘बाबा, जमेल का?’ एवढंच शेवटी. मास्तरांनी तो मेल इतक्या वेळा वाचला की त्यात एक स्वल्पविराम कमी आहे हे त्यांच्या आठव्या वाचनाला लक्षात आलं, आणि त्यांनी तो मनातल्या मनातही घातला नाही.

काम एका शीटमध्ये चाले. सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकच कागद उघडायचा, असा तो प्रकार. पहिल्या रकान्यात मूळ वाक्य, दुसऱ्यात आपलं, तिसऱ्यात अक्षरांची मर्यादा, चौथ्यात शेरा. जो आत असेल त्याच्या रंगाची चौकट शीटवर फिरताना दिसे. मुलगी निळी, मास्तर जांभळे, आणि हिरवे एक दातांचे डॉक्टर होते, जे दोन रोग्यांच्या मधल्या वेळात हौसेने भाषांतर करत. ‘ओढा’ हा शब्द दिसला की डॉक्टरांना राहवत नसे. ‘यादी ताजी करण्यासाठी खाली ओढा’ या वाक्यापुढे त्यांनी कॉमेंट टाकली होती की ‘थोडं दुखेल’ हेही घालूया का, रोग्याला आधी सांगितलेलं बरं. त्यावर मास्तरांनी उत्तर दिलं होतं की मर्यादा वीस अक्षरांची आहे, रोग्याने सोसावं.

अशा कॉमेंटचा त्रास एकच. कुणी काही लिहिलं की सगळ्यांना मेल जाई, पाणीखात्याच्या इंजिनिअरसाहेबांनासुद्धा. त्यामुळे मास्तर आणि मुलगी तिथे फक्त पाण्याबद्दल बोलत. ‘मीटर वाचन’ की ‘मीटरची नोंद’ यावर एकदा चार दिवस चर्चा झाली. मास्तरांना ‘मीटर वाचन’च बरोबर वाटत होतं, पण ते मुद्दाम हटून बसले, कारण चौथ्या दिवसापर्यंत तिची उत्तरं येत होती.

शीटच्या तळाशी काही ओळी राखाडी केलेल्या होत्या. ज्या पडद्यांची गरज पडत नव्हती त्यांची ती वाक्यं. त्यातली सहाशे अकरावी ओळ अख्ख्या शहराचं पाणी एकदम बंद झालं तर दाखवायच्या पडद्याची होती. तसं कधी झालं नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नसे. एका सकाळी मास्तर सहज खाली गेले तर त्या ओळीत, भाषांतराच्या जागी, लिहिलेलं होतं: ‘गोळ्या घेता ना?’

मास्तर आधी पाणी प्यायले. मग त्यांनी चौकटीत ‘घेतो’ लिहिलं. थोड्या वेळाने निळी चौकट आली, थांबली आणि ओळ रिकामी झाली.

तेव्हापासून ती ओळ त्या दोघांची झाली. रोज दोन-चार शब्द. गुडघा कसाय. बराय. जिन्यातला दिवा लागला का. नाही अजून. एक लिही, दुसरा वाची, आणि दुपारी चारच्या आत मुलगी सगळं पुसून टाकी. मास्तरांना वाटे, पोरीला टापटीप आवडते, आईवर गेली आहे. आईचा विषय तिथे कुणी काढला नाही. पण मास्तर सकाळी उठून दाढी करून मगच संगणकापुढे बसू लागले. खाली राहणारी शिवणकामवाली एकदा म्हणाली की काका, हल्ली कुठे नोकरीला लागलात काय, आणि त्यांनी हो म्हणून टाकलं.

सहा महिने असे गेले. मग एका सोमवारी ओळीत लिहिलेलं आलं: ‘आईने खरंच नको म्हटलं होतं का?’

त्या दिवशी मास्तरांनी काही लिहिलं नाही. चार वाजायच्या आत प्रश्न पुसला गेला. मंगळवारी तो पुन्हा तिथे होता, तसाच, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. बुधवारीही.

‘हो’ लिहिलं असतं तर एका अक्षरात काम झालं असतं. पोरगी ते वाचून पुसती आणि गुरुवारी गुडघ्याची चौकशी करती. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. खरं लिहिलं तर गुरुवारपासून ती ओळच राहणार नाही, हेही ठाऊक होतं. ते घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडले. खोल्या दोनच, त्यामुळे हिंडणं लवकर संपे आणि पुन्हा सुरू करावं लागे. बुधवारी जेवण गॅसवर ठेवून विसरले आणि भांडं इतकं जळलं की धुराने शेजारच्या इमारतीतली कबुतरं उठली, असं शिवणकामवाली सांगे. कबुतरांचं तिने वाढवलं असेल. भांडं मात्र टाकून द्यावं लागलं.

गुरुवारी साडेतीनला त्यांनी लिहायला घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य कापवेना. आणि सवयीप्रमाणे त्यांनी चूक आधी मांडली, दुरुस्ती नंतर:

‘तुझ्या आईनेच मला सांगितलं होतं, पोरीला कळवू नका म्हणून, असं मी तुला दोन वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. ती रोज तुझं नाव काढत होती. फोन मी केला नाही.’

तिसऱ्या रकान्यात पंचावन्न हा आकडा होता. या ओळीत तो पाहायची त्यांना सहा महिन्यांत गरज पडली नव्हती. त्यांनी आजही पाहिला नाही. शीटच्या पहिल्या पानावर कोण कधी रजेवर आहे याची यादी असे. ते पान तर त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. मुलगी त्या दिवशी रजेवर होती. सकाळी प्रश्न लिहून तिने तो तीनलाच पुसला होता, आणि बाबा चौथ्या दिवशीही गप्पच बसणार, असं धरून पुन्हा आत आली नव्हती.

आणि चार वाजता काय होतं, हे मास्तरांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यातल्या एका लांबलचक मेलमध्ये, पण तो मेल इतका अशुद्ध होता की मास्तर त्यातल्या चुका काढण्यात रंगले आणि मजकूर निसटला. रोज दुपारी चारला शीट आपोआप लोकांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये ओतली जाई. सगळ्या ओळी, राखाडीसकट. पोरगी पुसत होती ती टापटिपीसाठी नव्हे.

चार वाजले. ओळ अ‍ॅपमध्ये गेली आणि बंद पडद्यामागे बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी मुख्य जलवाहिनी फुटली. फुटली म्हणजे कशी, तर पाण्याच्या उसळीने रस्त्यावर उभी केलेली एक गाडी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उचलली गेली आणि आतल्या बाईंनी खिडकीतून हात घालून तिचा आरसा पुसला, असं दोन माणसं सांगतात. ती दोन्ही माणसं त्या वेळी दुसरीकडे होती, पण वाहिनी फुटली हे खरं. अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. पाणीखात्याने नियमाप्रमाणे तो पडदा चालू केला.

शिवणकामवाली वर आली तेव्हा मास्तर रिकामी बादली नळाखाली धरून उभे होते. तिने फोन पुढे केला.

“काका, हे बघा पाण्याचं काय लिहिलंय. मला काही कळेना.”

निळ्या पडद्यावर नळाचं चित्र होतं, त्यावर फुली, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘तुझ्या आईनेच मला सांगितलं होतं, पोरीला कळवू नका म्हणून...’

पुढे तीन टिंबं. बाकीचं मापात बसलं नव्हतं.

मास्तरांनी बादली खाली ठेवली. शिवणकामवाली बोलतच राहिली. तिच्या एका गिऱ्हाइकाला वाटलं की हा आपल्या सासूचा उद्योग आहे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने अर्धी दाढी तशीच सोडून आईला फोन लावला. पाणीखात्याच्या चौकशीच्या खिडकीवर दुपारपर्यंत साडेतीनशे फोन आले आणि त्यातले जेमतेम चाळीस पाण्याबद्दल होते. बाकीच्यांना ही आई कोण, तिने काय नको म्हटलं होतं आणि पोरीला मग कळलं का, हे जाणून घ्यायचं होतं. एका बाईंनी तर विचारलं म्हणे की आई आता बरी आहे ना.

“काय असेल हो हे?” शिवणकामवालीने विचारलं.

“चूक झाली असेल कुणाची तरी,” मास्तर म्हणाले, आणि बादली पुन्हा उचलून नळाखाली धरली.

ती गेल्यावर त्यांनी शीट उघडली. सहाशे अकराव्या ओळीत आता ‘दुरुस्तीमुळे शहराचा पाणीपुरवठा बंद आहे’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. निळी चौकट येऊन गेली होती. मास्तरांनी कर्सर नेऊन एक अक्षर दाबून पाहिलं, पण ते उमटलं नाही. त्यांना आता फक्त बघता येत होतं.

शीटमधल्या चौकटीत लांब मजकुराचं सुरुवातीचं तोंड तेवढं दिसतं. उरलेला वाचायचा तर चौकट उघडावी लागते. घाईत, रजेवरून, फोनवरच्या चिमुकल्या पडद्यावर, तिकडून इंजिनिअरसाहेब ओरडत असताना, कुणी चौकट उघडून वाचत बसत नाही. वर नवं लिहितं आणि मोकळं होतं. म्हणजे पोरीने चूक तेवढी वाचली होती. दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

हा हिशेब मांडून झाल्यावर मास्तर खुर्चीत बराच वेळ बसून राहिले. कारण त्याचा दुसरा अर्थही त्यांच्या ध्यानात आला होता. खोटं अजून शाबूत होतं. गप्प बसलं तर पोरगी आठवडाभर रागावेल, दोन आठवडे म्हणा, आणि मग शांत झाली की कुठेतरी दुसरी एखादी ओळ काढून देईल. ती आईवर गेली होती. आईनेही तीन मामांसकट एकेचाळीस वर्षं काढली होती.

त्यांनी फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“बाबा, कामाचं असेल तर मेल करा.”

“कामाचं नाही.”

“मग आज नको. सकाळपासून माफ्या मागतेय मी. साहेबांनी विचारलं, ही कुणाची आई आहे. मी काय सांगायचं?”

मास्तरांनी विचारलं, “पुढचं वाचलंस का?”

“पुढचं कुठलं?”

इथे फोन ठेवता आला असता. काही नाही, जाऊ दे, म्हणता आलं असतं. मास्तरांनी तोंड उघडलं तेव्हा ते नेमकं काय म्हणणार आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“ओळ लांब होती. पुढे लिहिलं होतं की ते खोटं आहे.”

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. तिने त्या माणसाला काहीतरी सांगितलं, मग एक दार लावल्याचा आवाज आला.

“आई काय म्हणाली होती?”

“तुला बोलवा म्हणाली. पहिल्याच दिवशी. मग रोज.”

“आणि तुम्ही?”

“लावतो म्हणायचो.”

“का, बाबा?”

हे मात्र त्यांनी ओळीतही लिहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं ते छापखान्याच्या पाळ्या करत आले. घरी असत तेव्हा झोपलेले असत. मायलेकींच्या गप्पा भिंतीपलीकडून ऐकू येत, आणि ते खोलीत गेले की थांबत. त्या एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच बायको त्यांच्याकडे तोंड करून झोपली होती.

“तू आली असतीस तर तिने तुझ्याकडे तोंड केलं असतं,” ते म्हणाले. “मी पुन्हा दारात उभा राहिलो असतो. मला वाटलं, बरी होईल, मग बोलवू. तोवर ती माझ्याशी बोलतेय तर बोलू दे.”

“ती माझ्याबद्दल बोलत होती.”

“हो.”

मग ती अगदी सावकाश, जणू शीटमधली ओळ वाचून दाखवावी तशी म्हणाली, “त्या दिवसांत मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, झोपलीय.”

“हो.”

“झोपली होती?”

“नाही.”

“ऐकत होती?”

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. ती थांबली. तिने त्यांना पुरेसा वेळ दिला, असंच म्हणावं लागेल.

“बरं,” ती म्हणाली. “ठेवते.”

पाणी संध्याकाळी आलं. आधी लालसर, मग नितळ. मास्तरांनी बादली भरून घेतली.

सोमवारी दातांच्या डॉक्टरांचा मेल आला. मास्तर, तुमच्या सगळ्या ओळी माझ्या गळ्यात आल्या आहेत, भांडण कुणाशी करू आता, काय झालंय काय? मास्तरांनी कळवलं की डोळे साथ देत नाहीत. डॉक्टरांनी ताबडतोब उलट लिहिलं की डोळ्यांचं मला काही कळत नाही, पण दात दाखवायला या, गप्पा मारू. मास्तर गेले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी दाढी करून संगणक उघडला तर शीटच्या जागी पांढरं पान होतं. ‘तुम्हाला ही फाईल पाहण्याची परवानगी नाही.’ खाली ‘परवानगी मागा’ असं बटण, आणि बटणाच्या वर निरोप लिहिण्यासाठी एक चौकट. तिला मर्यादा नव्हती. कितीही लिहा.

मास्तरांनी ते पान रोज उघडायला सुरुवात केली. उघडत, वाचत, बंद करत. शिवणकामवालीने विचारलं की काका, नोकरी सुटली का, तर म्हणाले, रजेवर आहे. अडीच महिन्यांनी एका दुपारी त्यांनी निरोपाच्या चौकटीत कर्सर नेला. सुरुवात केली, पुसली. पुन्हा केली, पुन्हा पुसली. ज्या माणसाने सगळ्या छापखान्याला काही पुसायचं नाही म्हणून दटावलं होतं त्याने त्या दुपारी निदान वीस वेळा पुसलं. शेवटी चौकट रिकामीच ठेवून बटण दाबलं.

‘तुमची विनंती पाठवली आहे,’ असं पानावर आलं.

पान अजून तेच दाखवतं.